उभ्यानं घर कळत नाय

"बसा. उभ्यानं घर कळत नाय."

रिकाम्या फ्लॅटचं कुलूप काढलं की काका एवढंच म्हणायचे. मग पिशवीतून गोणपाटाचे चौकोनी तुकडे काढायचे. भाताच्या जुन्या गोण्या कापून केलेले, माणशी एक. "ज्यानं त्यानं आपापलं टाका, कुठं पण." एवढं सांगून ते बाहेर जिन्यात जाऊन बसायचे. अर्धा तास आत यायचे नाहीत.

शहापूर-वाशिंदकडे घरं दाखवणारे पुष्कळ आहेत. तुम्ही कधी घर बघत फिरला असाल तर तुम्हालाही ते भेटले असतील. नळ सोडून दाखवतात, टाइल्सवर टाच आपटतात, आधी गॅलरीत नेतात. काकांची स्वतःची भातशेती होती, घरं दाखवणं हा जोडधंदा. अर्ध्या तासानं ते आत येत आणि फक्त कोण कुठे बसलंय ते बघत.

"तोंड खोटं बोलतं," म्हणायचे, "बूड नाय बोलत."

मी इंग्रजी शाळेतली. हे वाक्य ऐकलं की मी भिंतीकडे बघायचे.

आमचं पहिलं घर त्यांनीच दिलं, आईबाबांचं नुकतं लग्न झालं होतं तेव्हा. हे मला आईनं सांगितलंय. बाबांचा सगळा जीव स्टेशनात. वाशिंद स्टेशनपासून घड्याळ लावून चालत आले होते: सात मिनिटं. काका आत आले तर दोन्ही गोणपाटं एकाच भिंतीला, एकमेकांना चिकटून. आई घाईनं बाजूला सरकली.

"असू दे गो," काका म्हणाले. "तुमाला अजून एकच भिंत लागते. एक खोली बास. मोठं घर घेऊन काय, एकमेकाला शोधत बसणार?"

दुसऱ्या घराच्या वेळी मी सहा वर्षांची होते. शहापुरात, तिसरा मजला. मी माझं गोणपाट गॅलरीत नेलं, कारण खाली शाळेची पिवळी बस वळत होती. आई स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसली. तिथूनही तीच बस दिसत होती. बाबा मात्र बसेनात.

"काका, इथून स्टेशनला रोज रिक्षा करावी लागेल."

"करा ना. तुमची रिक्षा वीस मिनिटांची, पोरीची शाळा दहा वर्षांची. बसा."

बाबा बसले. जिन्याचं तेव्हा कुणी विचारलंसुद्धा नाही. आई भाजीच्या पिशव्या आणि पेंगलेली मी, असं सगळं एका दमात घेऊन चढायची.

त्याच जिन्यात पुढे आईचे गुडघे गेले. मी नोकरीला लागल्यावर, दोन वर्षांपूर्वी, आम्ही पुन्हा काकांकडे गेलो. आटगावच्या बाजूला नवी बिल्डिंग झाली होती. आईबाबांनी पाचवा मजला मनात पक्का केला होता, माझ्यासाठी. आई तर आधीपासूनच "तुझी खोली" म्हणायला लागली होती. मला आजवर स्वतःची खोली नव्हती. मला ती हवी होती, फार.

आम्ही पोचलो तर लिफ्ट बंद. "वीज गेली," काका म्हणाले. आई प्रत्येक मजल्यावर थांबत चढली.

वर मी खिडकीखाली गोणपाट टाकलं. समोर माहुलीचा अख्खा डोंगर. अर्ध्या तासानं काका आत आले. आई दाराच्या आत, जेमतेम पाऊलभर, चपला न काढता बसली होती.

"कसं काय वहिनी?"

"छान आहे. हवा किती येते!"

"दारातच?" मग ते माझ्याकडे वळले. "खिडकीतनं काय दिसतं गो?"

"माहुली."

"आणि इकडं?"

मी वळून बघितलं. आई गुडघा चोळत होती. मी बघतेय हे दिसताच तिनं हात काढून घेतला.

"तळमजल्यावर पण एक आहे," काका म्हणाले.

ते घर मागच्या बाजूचं होतं. खोल्या दोनच, खिडकीसमोर कंपाउंडची भिंत. आई सरळ हॉलच्या मधोमध गेली, पाय पसरून बसली आणि पिशवीतल्या वालाच्या शेंगा सोलायला लागली. मी गोणपाट हातात धरून उभीच.

"हिला जागा नाय मिळाली," काका म्हणाले.

"वरचंच घेऊ," आई लगेच म्हणाली. "लिफ्ट आहे की."

"आणि वीज गेली की?" मी म्हटलं. मग म्हटलं, "हे घेऊ या."

"उभ्यानं नको सांगू."

मी आईच्या शेजारी गोणपाट टाकलं, बसले, मूठभर शेंगा घेतल्या. "हे घेऊ या."

आईनं शेंगांची पिशवी दोघींच्या मध्ये सरकवली.

"तुझी खिडकी पळून नाय जात गो," काका म्हणाले. "तुझं घर अजून यायचंय."

आम्ही बाहेर पडलो तेव्हा वॉचमननं लिफ्ट चालू केली. वीज गेलीच नव्हती. बाबांनी काकांकडे बघितलं. काका गोणपाटं झटकत होते.

गेल्या वर्षी भातकापणी चालू असताना ते गेले.

मागच्या रविवारी मी एकटीच वाशिंदला एक घर बघायला गेले. चौथा मजला, मोठी खिडकी. सेल्सच्या ताईंनी नळ सोडून दाखवला. "मॅडम, आधी गॅलरी बघा ना."

मी खिडकीखाली जमिनीवर बसले. टाइल्स गार होत्या.

"बरं वाटत नाहीये का? खुर्ची मागवू?"

"नको," मी म्हटलं. "तुम्ही अर्धा तास जिन्यात बसाल का?"