फॉर्मवरचं ‘व्हय’

मी मुळातच भित्री. शाळेत हजेरीला नाव पुकारलं तरी ‘हजर’ शेजारणीला म्हणायला लावायची. त्यामुळे नव्वदच्या दशकात साताऱ्यातल्या एका संस्थेत पहिली नोकरी लागली आणि काम ‘अभिप्राय गोळा करणे’ असं कळलं, तेव्हा मला हायसं वाटलं. कुणाला शिकवायचं नाही, कुणाला रागवायचं नाही, नुसतं विचारायचं आणि लिहायचं. यात भिण्यासारखं काय असणार, असं मी घरी सांगितलंही होतं.

संस्थेचे सातारा आणि सांगली जिल्ह्यांत संध्याकाळचे वर्ग चालत. शाळा पाचला सुटते आणि आया रानातून दिवेलागणीला परततात. मधल्या वेळात पोरांनी विहिरीवर, रस्त्यावर हुंदडू नये म्हणून त्यांना देवळात नाहीतर समाजमंदिरात बसवायचं, पाढे घ्यायचे, गोष्टी सांगायच्या. त्यासाठी गावातलीच शिकलेली एक बाई नेमलेली असे. तिला सगळे ताई म्हणत.

या ताईंना पुण्याला नेऊन शिकवणं जमत नव्हतं. घर, गुरं, सासू सोडून चार दिवस कोण येणार? म्हणून त्या वर्षी नवाच प्रकार निघाला. तालुक्याच्या हॉलमध्ये मोठा टीव्ही, गच्चीवर डिश अँटेनाची छत्री, आणि पुण्याच्या स्टुडिओत बसलेल्या एक बाई गोष्टी सांगण्यापासून प्रथमोपचारापर्यंत सगळं थेट शिकवणार. शंका आली तर तिथूनच फोन लावून विचारायची. ऑफिसात याला ‘लाइनवरचं प्रशिक्षण’ म्हणत. आमचे सर तर त्याच्यावर इतके खूश होते, की छत्रीकडे बोट दाखवताना त्यांचा आवाज बदलायचा.

प्रशिक्षणाच्या दिवशी मी हॉलमध्ये होते, पण माझं टीव्हीकडे लक्ष नव्हतं. सगळे धडे छापलेली पुस्तिका माझ्या पिशवीत होती. ताईंच्या प्रती अजून छापखान्यातच होत्या. ताई वह्या घेऊन मागं भिंतीपर्यंत बसल्या होत्या आणि डोक्यावर जुने पंखे खडखडत होते. पुण्याच्या बाई हळू, सभ्य आवाजात बोलायच्या आणि वाक्य संपता संपता आवाज खाली आणायच्या. मला ते ऐकायला फार छान वाटलं होतं. एवढंच माझ्या लक्षात राहिलं.

पुढचे तीन आठवडे मी फॉर्म घेऊन गावोगाव हिंडले. आवाज स्पष्ट होता का? विषय समजला का? उपयोग होईल का? पुढं हो आणि नाही असे दोन चौकोन. मी पिशवीतून फॉर्म काढला की समोरच्या ताईचा चेहरा उतरायचा. पदर नीट करून ती सतरंजीच्या कडेला बसायची. आपल्याला काढून टाकायला कुणीतरी आलंय, असंच तिला वाटत असणार. खरं सांगायचं तर मला ते थोडं आवडायचं. जन्मभर मी सगळ्यांना भीत आले होते, आता कुणीतरी मला भीत होतं.

"आवाज स्पष्ट होता का?"

"व्हय."

"समजलं का सगळं?"

"व्हय."

मी ‘हो’वर खूण करायची. एक फॉर्म दहा मिनिटांत व्हायचा आणि एसटीही चुकायची नाही.

पाटणच्या बाजूला एक वर्ग विहाराच्या ओट्यावर भरायचा. तिथली ताई माझ्याच वयाची, नुकतंच लग्न झालेली. तिनं मात्र एक जास्तीचं सांगितलं. "आमच्यात एक पोरगी हाय, सात वर्साची. तिला फेफरं येतं. मला लय भ्या वाटायचं. आता काय करायचं ते कळलं." ती पोरगी तिच्या मांडीला टेकूनच बसली होती. दोन वेण्या, एका वेणीची रिबीन सुटलेली. मी फॉर्मच्या खालच्या मोकळ्या जागेत लिहिलं, ‘अतिशय उपयुक्त’. सरांना दाखवायला असंच काहीतरी हवं होतं.

शेवटचं गाव इस्लामपूरजवळचं. तिथली ताई वयानं मोठी, मुलगा पलटणीत, कुणाला भिणारी नव्हे. मी नेहमीसारखे प्रश्न वाचले. ती व्हय, व्हय म्हणत गेली आणि मी पेन बंद करताना म्हणाली, "आवं बाई, एक इचारू का? दातखीळ बसल्यावर तोंडात पाणी घालायचं कसं? चमच्यानं दात उघडायचं का? त्येवढं काय त्यांनी सांगितलं न्हाई."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "पाणी घालायचं, असं कुणी सांगितलं?"

तिनं वही पुढं केली. फेफऱ्याच्या धड्याखाली ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं: तोंडात पाणी घालायचं. कांदा हुंगवायचा. हातपाय दाबून धरायचे.

मी पुस्तिका काढली. तोंडात पाणी घालायचं नाही. कांदा हुंगवायचा नाही. हातपाय दाबून धरायचे नाहीत. वाक्यं तीच होती, फक्त प्रत्येक वाक्याचा शेवटचा शब्द वहीत नव्हता. तो पंख्यांनी खाल्ला होता.

"आमच्याकडं बी कांदाच लावत्यात," ती म्हणाली. "म्हटलं, बाई शिकलेल्या असून आपलंच सांगत्यात. बरं वाटलं."

मी तिला पुस्तिकेतलं सगळं वाचून दाखवलं, तिनं वहीत नाही, नाही, नाही लिहून घेतलं. पण माझ्या डोळ्यांपुढं ती सुटलेली रिबीन होती. बेशुद्ध पोरीच्या तोंडात पाणी घातलं तर ते श्वासनळीत जाईल. आणि ते घालायचं, अशी तिच्या ताईची पक्की समजूत, तीही आमच्याच प्रशिक्षणामुळं. तिथं जाऊन मला दोन आठवडे झाले होते.

स्टँडजवळच्या एसटीडी बूथवरून मी पाटणकडच्या त्या गावच्या ग्रामपंचायतीला फोन लावला. घंटा वाजत राहिली, कुणी उचलला नाही. मग सरांना लावला. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सगळ्यांना पत्र टाकू. तुम्ही आधी अहवाल आणा, उद्या पुण्याचे लोक येणार आहेत." मी हो म्हटलं. सरांना नाही म्हणण्याची माझी हिंमतच नव्हती. फोन ठेवला, आणि साताऱ्याच्या गाडीत बसले ती कराडला उतरण्यासाठीच.

कराडला पाटणची गाडी उभी होती, पण ड्रायव्हर चहाला गेलेला. मी खिडकीशी बसून फॉर्मचा गठ्ठा मांडीवर घट्ट धरला होता. हो, हो, हो. सगळ्या खुणा माझ्या हातच्या. गाडी सुटली तरी जीव थाऱ्यावर नव्हता. मनात एकच चित्र यायचं: ओट्यावर माणसं जमलीत आणि कुणी बोलत नाहीये. मी देवाधर्माची फार नव्हे, पण मल्हारपेठ येईपर्यंत मी ओळखीच्या सगळ्या देवांना हात जोडले. नोकरी गेली तर जाऊ दे, एवढंही म्हणून टाकलं.

फाट्यावर उतरून मी जवळजवळ पळतच गेले. ओट्यावरून पाढ्यांचा आवाज येत होता आणि तो ऐकून मला रडू फुटायचं बाकी होतं. मग मी पोरं बघितली. रिबीनवाली पोरगी नव्हती.

ताई मला बघून उभी राहिली. तिचा चेहरा पांढरा पडला.

"ती कुठाय?" मी विचारलं.

"घरी हाय. परवा हितंच आलं तिला." तिनं ओट्याच्या कोपऱ्याकडं बघितलं. "लय जोराचं आलं."

"तोंडात पाणी घातलंत का?"

"व्हय..." ती म्हणाली आणि खाली बघू लागली.

मी पायरीवरच बसले. पोरं पाढे थांबवून माझ्याकडे बघत होती. शेवटी ताईच माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "मॅडम, खोटं न्हाई बोलत. घालायचं म्हणून तांब्या घेतला, पर माझा हात लय थरथरत हुता. सगळं पाणी भुईवर सांडलं. दुसरं आणायला धावले, तवर पोरीनं डोळं उघडलं. आता बरी हाय, आई पाठवत न्हाई येवढंच." तिनं माझा हात धरला. "प्रशिक्षणात सांगितलेलं मला जमलं न्हाई. येवढं फॉर्मात लिवू नका. मला काढत्याल."

मी तिचा हात दोन्ही हातांत धरून ठेवला आणि सांगितलं, की पाणी घालायचं नव्हतंच. पुस्तिका उघडून दाखवली. ती प्रत्येक ओळीवर बोट ठेवून वाचत गेली, आणि ‘नाही’ आलं की बोट तिथंच थांबायचं. वाचून झाल्यावर तिनं कोपऱ्यातला तांब्या उचलून पालथा घातला. मग तिनं मला तिचा फॉर्म दाखवायला सांगितलं. मी गठ्ठ्यातून काढून दिला.

"आवाज स्पष्ट होता का, हो," तिनं मोठ्यानं वाचलं. "मी असं कवा म्हणाले?"

"तुम्ही प्रत्येक प्रश्नाला व्हय म्हणालात ना."

"आवं, ते तुमी बोलत हुता म्हणून," ती म्हणाली. "व्हय म्हंजे, मी आयकत हुते."