गाडी कोन चालवून राह्यलं?

कोणी भुताखेताचं काढलं की मी हसून उठून जाणारा माणूस. आज लिहितोय, कारण बारा वर्षं गप्प होतो.

गेल्या दिवाळीची गोष्ट. जालन्यात आमच्या घरी, भर दुपारी. मी, बायको शोभा आणि मुलगी पूजा टेबलाशी बसून ट्रिप ठरवत होतो. नाशिकला दोन वायनरी, मग घाट उतरून दापोली, गुहागर... समुद्राच्या कडेकडेनं. हट्ट पूजाचा. मी टाळत होतो, कारण याच रस्त्यावर मधू गेला. मधू म्हणजे माझा मंठ्याचा, शाळेपासूनचा दोस्त.

पूजानं माझ्या फोनवर नकाशात रस्ता टाकला. त्यातली बाई "डावीकडे वळा" म्हणते ना... ती बोललीच नाही. पुरुषाचा आवाज आला, चिडलेला –

"गाडी कोन चालवून राह्यलं?"

पूजा हसली. "बाबा, हा तर मंठ्याचा निघाला!"

शोभा हसली नाही. "हे तर मधुभाऊजी..."

परत – "खरं सांग ना लेका! कोन चालवून राह्यलं?"

हे वाक्य मधूचंच. बारा वर्षांपूर्वी, अपघाताच्या दिवशी, नाशिकच्या वायनरीत एक घोट घेऊन त्यानं तोंड वाकडं केलं होतं – "याच्यापरीस आपला उसाचा रस बरा." मी मात्र पीत राहिलो. दर ग्लासला तो हेच विचारायचा. गाडी माझी, नवी... मी किल्ली दिली नाही. घाटात गाडी उलटली, दोघंही बाहेर फेकले गेलो. मधू जागीच गेला. मी सगळ्यांना सांगितलं – मधूच चालवत होता. पिऊन.

फोन थांबेना. शेवटी तिथंच दोघींना खरं सांगितलं, तेव्हा आवाज बंद झाला. शोभा उठून आत गेली. अजून माझ्याशी धड बोलत नाही.

दुसऱ्या दिवशी मंठ्याला गेलो. मधूच्या बायकोनं, सुनंदावहिनींनी, दारातच सगळं ऐकून घेतलं.

"वहिनी म्हणू नका मला. बारा वर्षं माझ्या लेकीला बेवड्याची पोरगी म्हणून राह्यलेत लोकं." मग हळूच – "आवाज कसा होता?"

"चिडलेला."

"मंग त्यांचाच. पण तुमच्याकडं कशाला आले? माझ्याकडं यायचं न्हाई का?" त्यांनी हात पुढं केला. "फोन ठिवा इथं. अन् निघा."

फोन अजून तिथंच आहे. लावला तर नुसती रिंग जाते. एकदाच कोणीतरी उचलला... बोललं कोणी नाही. लांबून वहिनींचा आवाज येत होता. भांडत होत्या – नवऱ्याशी भांडावं तशा.

फोन कोणी उचलला होता, मला आजही माहीत नाही.