आरशाने उजळलेलं नाणं

कारखान्यात त्याला सगळे 'आरसा' म्हणत. पितळी नळ, दाराच्या कड्या, दिव्यांचे दांडे, जे काही त्याच्या बफिंगच्या, म्हणजे घासून चकाकी आणणाऱ्या चाकाखालून जाई, त्यात तोंड पाहून माणसाला भांग पाडता येई. नाव चेष्टेने पडलं होतं, पण त्याला ते आवडायचं. आवडून घ्यायला त्याच्याकडे दुसरं होतं तरी काय? उभ्या जन्मात त्याने चाकाची धूळ गिळली आणि लोकांचे नळ चमकवले. त्या नळाखाली हात धुताना, हे कोणी घासलं असेल, असं आजवर कोणाच्या मनात आलेलं नाही.

मग डॉक्टरांनी त्याच्या छातीचा फोटो उजेडासमोर धरला. "चाक सोडा," ते म्हणाले. "आत्ता सोडलंत तर खोकल्यावर भागेल. नाहीतर जिना चढणंसुद्धा विसरावं लागेल." बोलायला काय जातं? चाक सोडून करायचं काय, त्याचं औषध चिठ्ठीत लिहिलेलं नव्हतं. स्टेशनाबाहेर किल्ल्या करून देणारा एक म्हातारा मात्र आपली टपरी यंत्रासकट द्यायला तयार होता. बसून करायचं काम, धूळ नावापुरती. पण आरशाची सारी शिल्लक टपरीच्या निम्म्या किमतीलाही पुरत नव्हती. "वर्षअखेरीपर्यंत थांबतो," म्हातारा म्हणाला. "पुढे थांबायला मीच असेन की नाही, कुणास ठाऊक."

लेक औषधांच्या दुकानात कामाला होती. आजारपणाच्या रजेत बापाचं मन रमावं म्हणून तिने त्याला फोनवर जुन्या नाण्यांचे लिलाव दाखवले. घरबसल्या बोली लावायची, शेवटच्या क्षणी कोणी जास्त बोलला की घड्याळ पुन्हा थोडं पुढे सरकायचं. आरशाला ते बघायला मजा येई. बोली न लावता तो नुसती किंमत ताडायचा, आणि चुकला की स्वतःलाच शिवी द्यायचा. हळूहळू चुका कमी झाल्या, आणि माणसाचं नेमकं इथेच बिघडतं. दोन अंदाज बरोबर आले की त्याला वाटतं, आपल्याला पोहता येतं.

एके दिवशी एका छोट्या लिलावात त्याला एक चांदीचं नाणं दिसलं. काळंकुट्ट, फोटोही अंधारात काढल्यासारखा. खाली लिहिलं होतं, 'झिजलेलं'. आरशाने फोटो बोटांनी मोठा केला आणि श्वास रोखला. झिजलेल्या धातूच्या कडा कशा गुळगुळीत होतात, हे त्याला कोणी शिकवायला नको होतं. या नाण्याच्या कडा टोकदार होत्या. वर फक्त काळा थर साचलेला, खाली सगळं शाबूत होतं.

त्याने बोली लावली, चढवत चढवत जवळजवळ सगळ्या शिलकीपर्यंत नेली आणि जिंकली. बिल आलं तेव्हा कळलं की बोलीवर लिलाववाल्यांचं कमिशन वेगळं आणि टपालखर्च वेगळा. नवख्याला हे कोण सांगणार? शिल्लक संपली तरी पैसे कमी पडले. तेव्हा बायकोने तिच्या कवळीसाठी बाजूला ठेवलेली पुरचुंडी काढून दिली. तिच्या उजव्या बाजूला दाढा उरल्या नव्हत्या.

"अगं, तुझे दात," तो म्हणाला.

"आहेत कुठे ते पळून जायला?" ती म्हणाली. "तुमचा खोकला आधी जाऊ दे."

नाणं घरी आलं. लेकीने त्याचे चांगले फोटो काढून एका मोठ्या लिलावगृहाला पाठवले. तिथल्या बाईंचं उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं. नाणं दुर्मीळ आहे, पुढच्याच लिलावात घेऊ, ताबडतोब पाठवा. आणि पुढे अंदाजे किंमत. आरशाने ती लेकीकडून तीनदा वाचून घेतली. टपरी येत होती, कवळी येत होती, वर काही उरतही होतं. त्या दिवशी तो जिना न थांबता चढला. छातीत कळ आली, पण त्याने ती कोणाला सांगितली नाही.

"जसं आहे तसं पाठवा बाबा," लेक म्हणाली. तिला घाई होती. का, ते तिलाही ठाऊक नव्हतं, आणि त्यानेही विचारलं नाही.

सकाळी नाणं डबीत ठेवताना त्याला कसंसंच झालं. एवढ्या मोठ्या ठिकाणी हे असलं काळं तोंड घेऊन जाणार? आरशाच्या हातून मळकी वस्तू आजवर बाहेर पडली नव्हती. नाणं खिशात घालून तो कारखान्यात गेला, आणि जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांत मऊ चाक लावलं. एवढंसं कोपऱ्यात, म्हणत सुरुवात केली. काळ्यातून पांढरा उजेड फुटला आणि मग त्याचे हात थांबेनात. नाण्यावरच्या चेहऱ्याचं कपाळ, केसांच्या बटा, अक्षरांच्या मधल्या भेगा, काहीही न दुखावता, बोटाने जोखत त्याने ते नाणं उजळलं. मुकादम येऊन बघत राहिला. "आरशा, आयुष्यातलं सगळ्यांत भारी काम केलंस," तो म्हणाला. ते खरंच होतं.

नाणं पाठवलं, आणि आठवड्याने बाईंचा फोन आला.

"आम्हाला ज्याचे फोटो पाठवले होते, ते हेच नाणं आहे का?"

"तेच," आरसा हसून म्हणाला. "ओळखू आलं नाही ना?"

मग अगदी हळू आवाजात बाईंनी सांगितलं, की संग्राहकांना तो काळा थरच हवा असतो. तो काढलेलं नाणं ते हातात धरत नाहीत. आता चांदीच्या वजनाचे पैसे येतील, तेवढेच.

"पण त्यावर डाग एकही नाही," तो म्हणाला.

"तेच तर," बाई म्हणाल्या.

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. याने ती स्वतःच्या हाताने उघडली, आणि वर घासूनही काढली. हात कुशल होते म्हणून काम इतकं पुरतं झालं. एखाद्या धसमुसळ्याने दोनदा फडकं मारून सोडून दिलं असतं, तर निदान थोडं काळं तरी उरलं असतं.

नाणं परत आलं तेव्हा तो स्वयंपाकघरातल्या टेबलाशी ते समोर ठेवून बसला आणि बायकोला सगळं सांगितलं. ती रागावेल, म्हणून तो वाट बघत होता. रागावली असती तर बरं झालं असतं. तिने नाणं उचललं, खिडकीशी नेलं.

"किती सुंदर केलंत हो," ती म्हणाली. मग आरशाला रडू फुटलं, आणि रडण्यातून खोकला.

तिने पाणी दिलं. खोकला ओसरल्यावर विचारलं, "परत काळं होत नाही का ते?"

"होतं. आपोआप होतं."

"मग थांबू की."

"तसा थर बसायला शंभर वर्षं लागतात."

तिने त्याच्या छातीकडे पाहिलं आणि नाणं खिडकीत ठेवलं.

वर्ष संपलं, म्हाताऱ्याने टपरी दुसऱ्याला दिली. आरसा चाकावर परतला. मुकादमाने नळांची पेटी समोर ठेवली. तोंडाला फडकं बांधून त्याने चाक सुरू केलं. दुपारी एका नळाच्या मानेखाली अंधूक डाग राहिलेला त्याला दिसला. कोणाच्या बापाला कळणार नव्हतं. हाच डाग घालवायला चाकाशी आणखी उभं राहायचं, आणखी धूळ गिळायची. जाऊ दे मरू दे म्हणून त्याने तो नळ तसाच पेटीत टाकला, पुढचा घेतला, तो संपवला. मग चाक चालूच ठेवून तो खोकत खोकत वाकला, आणि पेटीत हात घालून मघाचा नळ शोधू लागला.