वादी जिन्यात हजर

सांगलीच्या कोर्टात शिपायानं माझ्या नावाचा पहिला पुकारा केला तेव्हा मी जिन्याच्या तळाशी होते. एका हातात कुबडी, दुसरा कठड्यावर. दुसऱ्या पुकाऱ्याला अर्ध्यात. "आले, आले. हजर हाय मी," मी ओरडले. वर कुणीतरी हसलं. तिसरा पुकारा झाला. मी दार गाठलं तोवर दावा निकाली निघाला होता. वादी गैरहजर.

दारात मालन उभी होती. माझी चुलतबहीण. कारखान्याच्या बाजूची साक्षीदार. तिनं माझा आवाज ऐकला होता. पण मी जिन्यात आहे, हे आत सांगितलं नाही.

दुष्काळाच्या पुढच्या वर्षापासून साखर कारखान्यातला टेलिफोनचा बोर्ड मी सांभाळायचे. बसून करायचं काम. नवं ऑफिस बांधलं तसे मॅनेजर म्हणाले, "बाई, मोठमोठे पाहुणे येणार. दारातच कुबडी कशी दिसेल?" माझ्या खुर्चीवर मालन बसली. मी दावा लावला.

खरं सांगते, मी तिच्यावर जळायचे. खुर्ची गेली त्याच्या कितीतरी आधीपासून. त्या दिवशी कोर्टातही ती माझ्यापुढून भराभरा जिना चढली. दगडावर तिची जोडवी वाजत होती. माझ्या पायांत जोडवी घालायला कुणी आलंच नाही. तेव्हा मला न्याय नको होता. तिचे पाय हवे होते.

माझे वकील दुसऱ्या कोर्टात अडकले होते. आले ते शांतपणे म्हणाले, "दावा परत फायलीवर घ्यायचा अर्ज करू. ताप होता, येता आलं नाही, असं लिहू. सगळे तसंच लिहितात."

मालन जवळ आली. "आक्का, लिव की गं ताप. कशाला वाढवतीस?"

ताप लिहिला की मी घरात झोपलेली. मग जिना नाही. हसणं नाही. मालनचं गप्प बसणंही नाही. माझ्या अंगाची आग झाली.

"मला ताप न्हवता," मी वकिलांना म्हणाले. "मी जिन्यात हुते. त्येच लिवा. हिनं ऐकलं, त्ये बी लिवा."

"अशानं अर्ज फेटाळतील, बाई."

"फेटाळू द्या."

वकिलांकडून तेच लिहून घेतलं, शपथपत्रावर सही केली. मालनच्या पायांवर मी अजून जळते, ते काही गेलं नाही. पण पुढच्या तारखेला मी धडपडत वर जाणार नाही. पायरीवर बसून हजर म्हणणार. गैरहजर लिहायचं असेल तर त्यांनी खाली यावं आणि माझ्या तोंडाकडं बघून लिहावं.