मावशीच्या खोक्यातलं तेरावं कार्ड

माझी मावशी बत्तीस वर्षं एका आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढते. नकाशावर सही साहेबांची. पण त्या घरांत माणसं जिथे आपसूक जाऊन बसतात, ती जागा बहुतेक मावशीने सुचवलेली असते. चपलांच्या एका जुन्या खोक्यात तिची कार्डं आहेत. एका कार्डावर एकच गोष्ट. 'ओट्यापाशी उभ्या माणसाची पाठ दाराकडे नको.' 'जिन्याच्या वळणावर उजेड हवा.' मागे लिहिलेलं, हे कोणाकडून शिकले. स्वतः तासभर तिथे घालवल्याशिवाय ती कुठल्याच जागेचं कार्ड करत नाही. खोकं मात्र मागेल त्याला खुलं.

"पुढच्यास ठेच, मागचा शहाणा," ती म्हणते. "मग ठेच लपवायची कशाला?"

मला पहिलं स्वतंत्र काम मिळालं ते एका डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यातली थांबायची खोली आखायचं. ती आवडली तर वरचा मजलाही मलाच मिळणार होता. मी तेरावं कार्ड उचललं: 'बसायची खिडकी. कट्टा चौदा इंच उंच, सकाळचं ऊन पाठीवर.' जसंच्या तसं बांधलं. आठवड्याभरात बाईंचा फोन.

"म्हातारी माणसं हौसेने बसतात, पण त्यांना उठता येत नाही. कंपाउंडरने औषधं द्यायची की माणसं उचलायची? तोडा तो कट्टा."

मी मावशीवर तणतणले. "तुझ्या कार्डाने माझं नाक कापलं."

दुसऱ्या दिवशी ती रजा टाकून माझ्याबरोबर दवाखान्यात आली आणि कट्ट्यावर बसली. तासाने उठायला गेली, तर तिलाच उठवेना. मी हात दिला.

"माप मी तिशीत घेतलं होतं," ती गुडघे चोळत म्हणाली. "गुडघे म्हातारे झाले, कार्ड तरुणच राहिलं. तू बसून पाहिलं होतंस?"

मी एकदाही बसले नव्हते. मान खाली घालून तसं सांगितलं.

मावशीने बाईंकडून चार दिवस मागून घेतले. आम्ही कट्ट्यावर लाकडी चौकट आणि फळी टाकून तो एकोणीस इंचांवर नेला, टोकाला धरायला दांडा बसवला. पुढच्या आठवड्यात बाईंनीच विचारलं, "वरच्या मजल्याचं माप घ्यायला कधी येताय?"

ते सांगायला मी मावशीकडे गेले, तर तेरावं कार्ड तिच्यासमोर होतं. 'चौदा' खोडून 'एकोणीस' केलेलं, खाली दांड्याचं चित्र. मी कार्ड उलटलं. 'कोणाकडून शिकले' याच्यापुढे तिच्या रेखीव अक्षरात नवीन शब्द होता: 'भाचीकडून.'

मला रडूच आलं.