'येतो' ला 'या'

मार्च १९८४, शुक्रवार दुपार, दोहा. हजर: मी, आमचे हे, रत्नागिरीचे काझीभाई आणि त्यांनी जेवायला आणलेला एक उंच गोरा पाहुणा. तो युरोपातल्या विमानवाहतुकीवर संशोधन करत होता. एका देशाच्या हवाई नियंत्रकाने सोडलेलं विमान पुढच्या देशाने घेईपर्यंत मध्ये कोणाचंच नसतं, ही त्याची काळजी. स्वतः मात्र आमटीची वाटी माझ्या हातात देताना, मी "घेतली" म्हणेपर्यंत ती सोडत नव्हता.

काझीभाई उठले. "येतो हां, वहिनी."

"या."

अर्थ कळल्यावर पाहुणा चकित झाला. "निघताना 'येतो'?"

"आणि वहिनी 'या' म्हणेपर्यंत पाय निघत नाही!" काझीभाई हसले.

"माझ्या विमानांना हेच हवंय. पण समोरचा गप्पच राहिला तर?"

"विचार करून सांगते," मी म्हटलं. ते सांगायचं अजून राहिलंय.