कुणालाच न कळणारी गाणी

दवाखान्याच्या तळघरातल्या धुलाईखात्यात एक नियम होता. ज्या गाण्याचा एकही शब्द कुणाला कळत असेल, ते गाणं तिथे लावायचं नाही. ऐकणाऱ्याला वाटेल, हा काय वेडेपणा. पण वेडेपणामागे कारण होतं. पूर्वी तिथे सगळे आपापल्या आवडीची, सरळ कळणारी गाणी लावायचे. मग एके दिवशी एका बाईला, जिची मुलगी नुकतीच न सांगता घर सोडून गेली होती, गाण्यातली एक ओळ अशी काही लागली की ती चादर हातात धरून ढसाढसा रडायला लागली. चादर तिरकी आत गेली, इस्त्रीच्या रोलरला गुंडाळली, आणि अख्खी दुपार सगळे मिळून तो गरम रोलर सोडवत बसले. वरच्या मजल्यांवर चादरी पोचल्या नाहीत. सुपरवायझरने वरून बोलणी खाल्ली आणि खाली येऊन फर्मान काढलं: ठेका पाहिजे तेवढा ठेवा, अर्थ आणू नका.

तेव्हापासून गाणी आणायचं काम बाजेवालीकडे आलं. हे नाव खात्यानेच ठेवलेलं. बाई पन्नाशीची, पायांना सूज, रोलरवर ओल्या चादरी सोडण्यात आयुष्य गेलेलं. पण गाण्याचा नाद जबर. फोनवर एका गाण्यातून दुसरं, दुसऱ्यातून तिसरं, असं करत ती खुर्चीतल्या खुर्चीत जग हिंडून यायची आणि दर आठवड्याला एक नवं गाणं घेऊन खाली उतरायची. ती तरी कुठल्या भाषा जाणत होती? म्हणून गाण्यांना नावंही खात्याचीच. वाळवंटातल्या गिटारवाल्यांचं ते 'उंटाचं'. बर्फाळ मुलखातल्या दोन बायका तोंडाला तोंड लावून घशातून घुमतात, ते 'घोरण्याचं'. कुठल्याशा बेटावरच्या आजीबाई दात नसताना गातात, ते 'बोळक्याचं'. वर्ष संपताना त्यातलं एक निवडायचं. ज्याला जे आवडलं त्याने त्या गाण्याला उशीचा अभ्रा वर करायचा. मशीनवाले, घडीवाले सगळे अभ्रे फडकवायचे आणि त्यावरून भांडायचेसुद्धा, जसं काही घरचं कुणी निवडणुकीला उभं आहे.

यंदा मात्र बाजेवालीचं लक्ष नव्हतं. गाणी आणत होती, पण रेटून. तिच्या घरातला रेडिओ बंद पडला होता.

रेडिओ म्हणजे तिचा नवरा. आधी बसचा कंडक्टर. सकाळी डोळा उघडला की तोंडाचा पट्टा सुरू, तो झोपेपर्यंत. उतारूंशी बोलायचा, शेजाऱ्यांशी बोलायचा, कुणी नसलं तर कुकरशी बोलायचा. गोष्टी अशा रंगवून सांगायचा की निम्म्या खोट्या आहेत हे माहीत असूनही ती हसून हसून पोट धरायची. आणि तितक्याच वेळा कान किटून म्हणायची, देवा, याला एक दिवस तरी गप्प कर. आता देवाने ऐकलं म्हणायचं की काय म्हणायचं? वर्षाच्या सुरुवातीला झटका आला, उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. समजतं सगळं. तोंडातून मात्र 'पाणी' एवढंही निघत नाही. नजर लावून बसायचा. काय हवंय ते तिने ओळखलं नाही की डाव्या हाताने टेबल बडवायचा.

बोलायला शिकवणाऱ्या बाई आठवड्याला यायच्या. त्यांनी चित्रं दाखवली, अक्षरं दाखवली, शेवटी हळूच म्हणाल्या की पहिल्या वर्षात जे परत येतं ते येतं, पुढे कठीण होत जातं. आणि वर्ष तर सरत आलेलं.

बाजेवाली दमली होती. रात्रभर झोप काढली की उतरतं तसलं दमणं नव्हतं ते. पहाटे त्याचं सगळं आवरायचं, शेजारीण डोकावेल अशी सोय करायची, दिवसभर चादरी, परत येऊन भरवायचं, पुसायचं, कूस बदलायची. अंगाचं दुखणं तिला कधी जड वाटलं नाही. जड झाली होती ती खोलीतली शांतता. तिचा जीव मेटाकुटीला आला होता आणि हे ती मनातल्या मनात स्पष्ट म्हणायची, लाजायची नाही.

मोठ्या दिराला ते दिसत होतं. माणूस सज्जन. त्याने चौकशा करून एक संस्था शोधली. बाग, नर्स, व्यायाम, सगळं. नव्या वर्षाला तिथे एक खोली रिकामी होणार होती आणि वर्ष संपायच्या आत हो की नाही कळवायचं होतं. त्याने फोनवर समजुतीने सांगितलं होतं, की तू पुष्कळ केलंस, कुणी तुला बोल लावणार नाही. तिने विचार करून सांगते म्हटलं. खरं तर विचार झाला होता, हो म्हणायचं. फक्त ते तोंडातून निघत नव्हतं.

अशात एका संध्याकाळी ती स्वयंपाकघरात होती. बाहेर फोनवर यंदाचं तिचं आवडतं गाणं लागलेलं. तिला ते इतकं आवडलं होतं की घरी रोज तेच. एक बाप्या लांब सुरात हाक घातल्यासारखी ओळ म्हणतो, मागून बायका तीच ओळ उचलतात, आणि पुन्हा पुन्हा तेच. गाणं संपलं. ओळ मात्र चालूच राहिली.

ती हातातलं पातेलं घेऊनच दारात आली. नवरा खिडकीपाशी खुर्चीत, मान वर करून गात होता. नुसतं आ आ नव्हे. अक्षर न् अक्षर. तोच घोगरा आवाज, ज्याने जन्मभर 'पुढे सरका, पुढे सरका' केलं होतं. तिला आधी रडू आलं. मग संताप आला. वर्षभर ज्या तोंडात घास भरवला, ते उघडलं आणि पहिलं काय निघालं, तर कुठल्या परमुलखातलं काहीतरी. तिचं नावसुद्धा नाही.

पण त्या दिवसापासून त्याला ती एक ओळ सापडली ती सापडलीच. चहा पाहिजे, तीच ओळ. पाठ खाजतेय, तीच ओळ. डाळ अळणी झाली, तर तीच ओळ चिडक्या चालीत. सुरावरून तिला बरंचसं कळायला लागलं. बोलायला शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, असं होतं कधी कधी, बोलणं अडतं पण गाणं वाट काढतं. यापुढे किती, ते मात्र त्या सांगेनात. आणि एका ओळीवर संसार कसा रेटायचा? दिराला काय सांगायचं तो प्रश्न तिथेच होता, आणि उत्तराला उरला होता एकच दिवस.

त्या दिवशी खात्यात वर्षाचं गाणं निवडायचं होतं. हकिकत सगळ्यांना ठाऊक होती, त्यामुळे भांडण नव्हतंच. रेडिओचं गाणं पहिलं, असं आधीच ठरलं होतं. रीत म्हणून 'उंटाचं' लावलं, 'बोळक्याचं' लावलं, दोन-चार अभ्रे हलले. मग ते गाणं लागलं आणि सगळे अभ्रे एकदम वर गेले.

तेवढ्यात घडीच्या टेबलाशी कुणीतरी फिस्सकन हसलं. नवी होती ती. दूरच्या देशातून आलेली, खात्यात जेमतेम रुळत असलेली, बोली मोडकीतोडकी म्हणून कामापुरतंच बोलणारी. ती हसली, आणि मग गाण्याबरोबर आपणही ओळ म्हणायला लागली. सगळ्यांनी माना वळवल्या. अभ्रे हळूहळू खाली आले.

सुपरवायझरने गाणं थांबवलं आणि तिला विचारलं, कळतं का तुला हे. तिने मान डोलावली. अर्थ सांगायला तिने तोंड उघडलं, तर त्याने हात वर केला. म्हणाला, इथे नको, नियम तो नियम. गाणं बाद झालं. 'बोळक्याचं' पहिलं आलं, पण कुणाला उत्साह उरला नव्हता.

बाजेवालीने तिला कपडे वाळवायच्या खोलीत गाठलं. अर्थ ऐकावा की नाही, हेच तिला कळत नव्हतं. आजवर एकाही गाण्याचा अर्थ तिने शोधला नव्हता. त्यातच तिला आराम वाटायचा. पण हे गाणं आता घरात राहत होतं, दिवसाकाठी शंभरदा तिच्याशी बोलत होतं. तिने विचारलं.

"हाक आहे ताई," नवी शब्द जुळवत म्हणाली. "आमच्याकडे गल्लीत भंगारवाला येतो ना, त्याची. कुणी तिचं गाणं केलं. तो म्हणतो, घरात काय मोडलेलं आहे, काय चालत नाही, उगाच जागा अडवतं, ते बाहेर काढा. मी घेऊन जातो."

बाजेवाली कपड्यांच्या गाठोड्यावर मटकन बसली. महिनाभर ती मनात संस्थेची खोली धरून त्याला घास भरवत होती, आणि महिनाभर तो चहासाठी, पाठीसाठी, अळणी डाळीसाठी तिला ओरडून सांगत होता, मोडकं बाहेर काढा. मग तिला हसू फुटलं. इतकं, की पोट दुखायला लागलं. नवी घाबरून पाणी आणायला धावली. रेडिओच्या एखाद्या थापेवर ती अशी हसायची, त्याला वर्ष झालं होतं. हसता हसता ती रडली आणि पदराला डोळे पुसून उरलेल्या चादरी काढायला गेली. अंग तेवढंच दुखत होतं.

घरी पोचली तेव्हा तो दाराकडे डोळे लावून बसला होता. तिला बघितल्याबरोबर ओळ सुरू. चहाची चाल. तिने पिशवी ठेवली, आधण ठेवलं, आणि दिराला फोन लावला.

"भाऊजी, ती खोली दुसऱ्या कुणाला तरी देऊ दे," ती म्हणाली. "दमलेय मी. उद्याही दमलेली असेन. अगदीच झेपेना झालं तर मीच तुम्हाला हाक मारेन. पण आत्ता नको."

दीर काही बोलणार, तेवढ्यात मागून ओळ आली, चहाला उशीर झाल्याच्या सुरात. भावाचा आवाज त्याने वर्षभरात ऐकला नव्हता.

"तोच का हा?" त्याने विचारलं. "काय म्हणतोय?"

"भंगार मागतायत," ती म्हणाली. मग फोन जरा बाजूला धरून, दारावर आलेल्या माणसाला सांगतात तशा कंटाळलेल्या आवाजात तिने खिडकीकडे बघून सांगितलं, "आज काही नाही."